भस्म लावलेला संगणक

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५, देगलूर

एफ-बारा या कळीविरुद्ध आज मी रीतसर तक्रार नोंदवतो! संगणक सुरू होताना ती दाबायची मुदत एका शिंकेहूनही कमी आहे. लवकर दाबली की यंत्र किंचाळतं. उशीर झाला की जुनंच सगळं पुन्हा पुढ्यात. सकाळपासून एकवीस वेळा दाबली. संध्येची वेळसुद्धा मी इतकी काटेकोर कधी पाळली नाही.

कारण असं — आमच्या दैनिकाच्या नांदेड ऑफिसातून उपसंपादक रविकांतचा फोन. "स्वामी, एक तारखेपासून बातमी फक्त पोर्टलवर. मेल बंद." माझ्या पंधरा वर्षांच्या संगणकावर ते पोर्टल उघडतच नाही. ऋतुजा म्हणाली, "अप्पा, डबा फेकू नका. विंडोज काढून त्याच्यावर लिनक्स टाकू, फुकट मिळतं. पेनड्राइव्हवरून चढवायचं, त्यासाठी सुरू होताना एफ-बारा दाबायची. मी फोनवर सांगते की."

लेक आमची एकुलती. जूनपासून लातूरला एका क्लासच्या ऑफिसात संगणक सांभाळते. पहिली नोकरी! ती लागली त्या दिवशी गल्लीभर पेढे मीच वाटले. आयुष्यात ही एकच बातमी मी न लिहिता नुसती तोंडानं पसरवली.

मंगळवार, ११

एफ-बारा शरण आली! पण यंत्र म्हणतं, पेनड्राइव्हवर काही नाहीच. लिनक्सची फाईल तर मी स्वतः टाकली होती. बसस्थानकासमोरच्या झेरॉक्सवाल्या चंद्रप्पाकडे गेलो. तो गिऱ्हाइकांसमोर हसला. "काय स्वामी, फाईल नुस्ती कापी करून आणलाव! तसं न्हाई चालत. तिला बूट होईल असं, म्हंजे यंत्र तिच्यावरनं सुरू होईल असं, बसवावं लागतंय."

म्हणजे पोथी फडक्यात बांधून देवळात ठेवली म्हणून पारायण होत नाही. बरं! त्यानं दहा मिनिटांत बसवून दिली.

बुधवार, १२

सकाळी अकराला ऋतुजाचा फोन. दीड तास बोललो! एरवी आमचं बोलणं "जेवलीस का — जेवले" इतकं.

"अप्पा, स्क्रीनवर काय आलंय ते वाचा. अर्थ सांगू नका, नुसतं वाचा." मठाच्या पाठशाळेत गुरुजी हेच सांगायचे. मग मीही त्याच सुरात, मान हलवत, इंग्रजी अक्षर न् अक्षर म्हटलं. पोरगी हसून हसून खोकायला लागली. "थांबा अप्पा, पाणी पिऊन येते!"

इतकं होऊन काम त्रेसष्ट टक्क्यांवर अडलं.

गुरुवार, १३

त्रेसष्ट.

शुक्रवार, १४

त्रेसष्ट! आज फोन पावणेदोन तास. मध्येच ती म्हणाली, "तुम्ही मला चौथीत पाढे शिकवताना असंच ओरडत होतात." मी ओरडत नव्हतो. घोष करत होतो. तिला हे पटलेलं नाही.

आमची सौ. तुळजा भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरीला ऑफिस न्हाई का हो? भर कामाच्या टायमाला रोज बोलून राहिली."

"जेवणाची सुट्टी असेल."

"अकराला?"

मी त्रेसष्टच्या विचारात असल्याचं दाखवलं. तुळजानं तवा जरा जोरातच आपटला.

शनिवार, १५ — रविवार, १६

दोन्ही दिवस एका लग्नात, उदगीरला. संगणक सुखात.

सोमवार, १७

सापडलं! सापडलं!!

अकराला फोन. ऋतुजा म्हणाली, "अप्पा, काम चालू असताना पेनड्राइव्ह हलतोय का? ते खोचायचं भोक बॅटरी लावून बघा." बघितलं. आत पांढरी राख आणि तांदळाचा एक अख्खा दाणा!

खंडेनवमीला शेतकरी औजारं पुजतो. माझं औजार हेच, म्हणून मीही पुजलं — तीन बोटांनी भस्माचे पट्टे, वर अक्षता. पुढची बाजू म्हणजे यंत्राचं कपाळ, असं मी धरलं. पेनड्राइव्हची भोकं नेमकी त्याच कपाळावर! त्यामुळे तो नीट बसेना, जरा धक्का लागला की सुटे.

मी हे सांगितलं तर पलीकडे नुसतं हसू. तुळजा आतून ओरडली, "म्हणले होते मी, वरच्या अंगाला लावा म्हणून! बाईमाणसाचं कोण ऐकतंय?" चंद्रप्पाला फोन केला तर म्हणतो, "स्वामी, देव लई आत शिरला की तुमचा!"

यंत्राच्या पाठीमागच्या भोकात पेनड्राइव्ह लावला. पाठीला मी भस्म लावत नाही. त्रेसष्ट... चौसष्ट! तिथून पुढं मी आणि ऋतुजा एकेक आकडा मोठ्यानं म्हणत गेलो, पाढ्यासारखा. शंभरला तुळजा पोळपाट वाजवत बाहेर आली.

मंगळवार, १८

करडईच्या पेरणीची बातमी नव्यानं उठलेल्या जुन्या यंत्रावरून पोर्टलवर. रविकांतचा फोन — "स्वामी, तुमची पहिली आली! नांदेडातल्या पोरांना अजून लॉगिन जमंना." दिवसभर हवेत होतो. तुळजानं खीर केली.

बुधवार, १९

आज काहीच बिघडलं नाही. तरी अकराला फोन आलाच. "अप्पा, काही अडलंय का?" नाही म्हणालो. तिच्या मागे कुठलंच ऑफिस ऐकू येत नव्हतं, पंखा तेवढा फिरत होता. मग "बरं, ठेवते" म्हणाली.

तिची नोकरी सुटली आहे. मला पहिल्या दीड तासातच कळलं होतं. पेढे वाटलेल्या बापाला सांगायला तिला जड जातंय, आणि मी तर रोज नुसती थट्टा करतो. ती मला कधीच काही सांगणार नाही, याची मला भीती वाटते.