टाचणी गेल्यानंतर बदललेले मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, धंद्याने सोफा-खुर्च्यांना गादी आणि कापड चढवणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मन ठिकाणावर आहे की नाही, हे दाखल्यात विचारलेले नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

कलम पहिले. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी दुकान माझ्या मुलीला दिले होते. तिला सगळे टाचणी म्हणत, कारण लहानपणापासून ती माझ्यासारख्याच तोंडात टाचण्या धरून काम करायची आणि बोलायचीही तशीच. तिच्या जिभेचा पट्टा सुटला की गिऱ्हाईक घासाघीस विसरायचे. मुले बापाला दफनभूमीपर्यंत पोहोचवतात, या समजुतीने मी ते कागद केले होते.

कलम दुसरे. काय घडले ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी त्याला रंग चढवणार नाही. टाचणीचा थोरला भाऊ, माझा मुलगा, आमच्या चर्चच्या मंडळीचा पाळक होता. पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याविषयी तो बोलू लागला की माझ्याही अंगावर काटा येई. मग त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मंडळीने उपास केले, प्रार्थना केल्या, चमत्काराची वाट पाहिली. टाचणीने गुपचूप तपासण्या करून घेतल्या आणि एका रविवारी जेवताना म्हणाली, "दादा, माझी जुळते."

तो म्हणाला, "मी घेणार नाही. देव करेल काहीतरी."

"केलंय की! मला दोन दिल्यात. आता मुकाट्याने जेव."

मी तिला दुकानात एकटीला गाठून नको म्हणालो. हातातले काम न थांबवता ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला आम्ही दोघंही हवे आहोत ना? मग?"

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दोन-तीन दिवसांनी टाचणी उठून खिडकीपर्यंत चालत गेली आणि तिथेच खाली बसली, ती उठलीच नाही. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, असे डॉक्टर म्हणाले. मी त्यांना बोल लावत नाही. तिच्या खोलीतून बाहेर आलो, तर मुलाच्या वॉर्डातली परिचारिका लगबगीने समोर आली. तिला काहीच माहीत नव्हते. "बाबा, नवी किडनी छान काम करायला लागली!" मी म्हणालो, "बरं झालं."

कलम तिसरे. मंडळीच्या सभागृहाला टाचणीचे नाव देऊ नये, फलक लावू नये. खजिनदार त्यासाठी घरी येऊन गेले. "केवढा त्याग! यातून मंडळीला केवढं सामर्थ्य मिळालं!" असे म्हणाले आणि चहा संपवला. त्यांना मी क्षमा केली आहे, पण माझ्या दफनविधीत त्यांनी बोलू नये. देवाने आपला पुत्र दिला, हे मी जन्मभर ऐकत आलो. दिल्यानंतर घरी आलेल्या त्या बापाने काय केले, हे कोणी वाचून दाखवत नाही. मी गुडघे टेकतो तेव्हा तेवढेच विचारतो.

कलम चौथे. दुकानातली सर्व हत्यारे पुढच्या गल्लीतल्या गादीवाल्याला द्यावीत. त्याने माझी अर्धी गिऱ्हाइके पळवली आणि त्यावरून आमची वर्षानुवर्षे बोलचाल बंद होती. टाचणीच्या शवपेटीला आतून अस्तर लावायला मी बसलो, पण सुईत दोरा जाईना. तो न बोलावता आला, माझ्या हातातून सुई घेतली आणि अस्तर शिवून दिले. डोक्याकडची शिवण वाकडी गेली, कारण त्याला समोरचे दिसत नव्हते. तो साक्षीदार व्हायलाही तयार होता. पण ज्याला काही मिळते तो साक्षीदार होऊ शकत नाही, असे वकील म्हणाले.

कलम पाचवे. राहते घर, दुकानाची जागा आणि बँकेतली शिल्लक मी माझ्या मुलाला देतो. तो आता उपदेश करत नाही. बरा झाल्यावर एकदाच उभा राहिला, "माझ्या बहिणीने..." एवढे म्हणाला आणि खाली बसला. लोक हळूहळू पांगले. घरी तो माझ्यासमोर बसून जेवतो आणि मी ताटाकडे बघत असतो. "बाबा, माझ्याकडे बघा तरी," असे एकदा म्हणाला. मी पाणी आणायला उठलो.

त्याच परिचारिकेकडून मला कळले की तो डायलिसिसच्या वॉर्डात जातो. मी विचारले, "तिथे उपदेश करतो?" ती म्हणाली, "छे हो. नुसता स्टूल ओढून बसतो. पण तो बसला की माणसं घाबरत नाहीत." मी जाऊन दारातून पाहिले. एक म्हातारा देवाला शिव्या देत होता. माझा मुलगा त्याचा हात धरून "हो काका, हो" म्हणत होता. म्हातारा थकून झोपी गेला, तरी याने हात सोडला नाही. सामर्थ्य म्हणतात ते हेच असेल, तर मी ते पाहिले. या किमतीला मी ते कधीच घेतले नसते, हेही इथे लिहून ठेवतो.

बाळा, घर तुला देतो ते तुझ्या अंगात तिचे काही आहे म्हणून नव्हे. तू माझा मुलगा आहेस म्हणून. हे मला तोंडाने बोलता आले नाही.

कलम सहावे. दफनभूमीत टाचणीच्या शेजारची जागा मी स्वतःसाठी घेऊन ठेवली आहे. तिथे जाऊन बसलो की आपण इथेच यायचे, एवढाच मला दिलासा असतो. ती जागा मी मुलाला देतो. आई गेल्यावर ही दोन पोरे एकाच पांघरुणात झोपायची. मला भिंतीकडच्या रांगेत कुठेही ठेवावे. मात्र त्याने तिथे यायची घाई करू नये. म्हातारा होऊन, कंबरेत वाकून, नातवंडांना रागावून मग यावे. तोवर ती जागा रिकामी राहू द्यावी.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो खरा आहे.

लिहून देणार: दोन मुलांचा बाप (सही)

आमच्यासमोर सही झाली:
१. शेजारचे चष्मेवाले (सही)
२. वॉर्डातील परिचारिका (सही)

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: सोमवार, दुकानाच्या सुट्टीचा दिवस