झेंडूखालची तार

दसऱ्यानंतरचा मंगळवार, कळंबोली

आज किसनमामाचा पाय गेला. क्रेनवरचा लोखंडी पत्रा सुटला तो सरळ गुडघ्यावर.

दसऱ्याला क्रेनची पूजा झाली तेव्हा तारेला झेंडूची जाड माळ गुंडाळली होती. सकाळी मामा म्हणाला, "मुकादम, माळ काढून बघा. खालची तार उसवल्यासारखी वाटतीय."

मुकादम इथलाच, पनवेलचा. म्हणाला, "देवाची माल कुनी काढतं काय रं? सुकली का परल आपोआप. भ्याव वाटतो तं घरी जा, भाकऱ्या थाप."

सगळे हसले. मामा पण हसला.

दुपारी तार तुटली, बरोबर माळेखाली. मामा बोंबलत होता आणि मुकादमानं आधी माळ उचलली, कपाळाला लावली. मग टेम्पो बोलावला. मामाचा बूट अजून तिथंच पडलाय, आतल्यासकट. कोण उचलणार?

संध्याकाळी तीच तार क्लॅम्प मारून जोडली. जोडावर लिंबू-मिरची बांधली. मुकादम मला म्हणाला, "उद्यापासून मामाच्या जागी तू."

"आणि तार?"

"आता पूजा केली ना तुज्यासमोर!"

नाही म्हणावं तर गावाकडं तरी काय ठेवलंय? निघताना वर बघितलं. जोड दिसत नाही. नुसतं लिंबू दिसतं.