लाल टिंब

१८ जून

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

दोन मुलांची आई झालीस, चष्म्याचं दुकान थाटलंस, तरी मी बबडीच म्हणतो. राग मानू नकोस. आम्ही दोघं ठीक. माझा गुडघा जिन्यावर कुरकुरतो. मामीचं वजन तिच्या म्हणण्याप्रमाणे घटलंय आणि काट्याच्या म्हणण्याप्रमाणे वाढलंय. तू दुकान अकराला उघडतेस असं ताई सांगत होती. तुझी आईच ती, तक्रारीच्या सुरात सांगत होती. मला मात्र ऐकून बरं वाटलं.

बातमी अशी, की आपली शाळा यंदापासून सातऐवजी पावणेनऊला भरणार आहे. आठवी ते दहावीचे वर्ग. गेल्या महिन्यात त्यासाठी पालकांची सभा होती आणि मला, निवृत्त पर्यवेक्षकाला, खास बोलावणं होतं. विरोधात बोलायला. सातच्या ठोक्याला फाटक बंद करणारा माणूस म्हणून अजून माझं नाव निघतं. मीही इस्त्रीचा शर्ट घालून, चार पानं खरडून ऐटीत गेलो.

आधी एक डॉक्टरीणबाई बोलल्या. म्हणाल्या, या वयात मुलांची झोपच पुढे सरकते. लवकर झोप येत नाही, आणि पहाटे उठवलं तर शरीर उठतं, डोकं उठत नाही. यात आळसाचा काही संबंध नाही. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि मला तू दिसत होतीस. पहिल्या तासाला बाकावर ताठ बसलेली, डोळे उघडे, आणि आत कुणीच नाही.

मग माझी पाळी आली. बबडे, सगळं पटूनही मी ती चार पानं वाचली. वर पानांत नसलेलंही बोललो. "माझ्याच घरात एक मुलगी होती. रोज उशीर. दहावीच्या परीक्षेला मी तिला बसू दिलं नाही. आज स्वतःचं दुकान चालवते. शिस्तीनं माणूस घडतो तो असा!" टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून एका आईनं हात वर केला.

"सर, हे कधी तिला विचारलंत?"

मी पाणी प्यायलो आणि खाली बसलो. इतकी लाज वाटली, की चहालाही न थांबता मागच्या दारानं सटकलो. सभेनं वेळ बदलायचं ठरवलं हे मला दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळलं.

तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय.

तीन लाल टिंबं म्हणजे एक दिवस गैरहजर, हा नियम सरकारचा नव्हता. तो माझा होता. सात वाजून एक मिनिटानं आलं, की नावापुढे लाल टिंब. मला त्याचा फार अभिमान. इतर शाळांनीही उचलावा म्हणून सांगत हिंडायचो. तू शिकायला आमच्याकडे आलीस तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली, की आता भाचीला सूट मिळणार. झालं! मी इतरांवर एक डोळा ठेवायचो, तुझ्यावर दोन्ही ठेवले. तुला मागे बसवून नेणं सोपं होतं, तरी सव्वासहाला एकटाच सायकल काढायचो.

दहावीच्या त्या जानेवारीत तुझी हजेरी अगदी काठावर आली. आणखी एक टिंब, की परीक्षा गेली. तुलाही ते ठाऊक होतं. म्हणून संध्याकाळी तू मामीला बजावलंस, "मामी, उद्या काही झालं तरी उठव. पाणी ओत, पण उठव." तिनं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी तू सात वीसला फाटकाशी आलीस. केससुद्धा विंचरलेले नव्हते. लाल पेन मीच उघडलं. मुख्याध्यापक म्हणाले, "नियम तुमचा, भाची तुमची. तुम्हीच ठरवा." मी ठरवलं. चौथ्या दिवशी ताई तुला न्यायला आली.

निघताना दारात तू विचारलंस, "मामी, तू मला उठवलं का नाहीस?"

मी बुटाची नाडी बांधत होतो. मामीनं माझ्याकडे पाहिलं. मी बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. मग ती म्हणाली, "विसरले गं."

ती विसरली नव्हती. पहाटे ती तुझ्या खोलीच्या दारापर्यंत गेली होती. मी तिचा हात धरला. "नको उठवू. एकदा ठेच लागली की जन्मभर लक्षात राहील." ती म्हणाली, "अहो, मी पोरीला शब्द दिलाय." मी म्हणालो, "या घरात शिस्त कोण लावतं?" आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज तुझ्यापर्यंत जाऊ नये म्हणून तुझ्या खोलीचं दार मी ओढून घेतलं. हळूच.

एकवीस वर्षं तू मामीशी बोलत नाहीस. मामा कडक होता पण सरळ होता, असं तू ताईला म्हणालीस म्हणे. ते ऐकून मी दोन दिवस जेवलो नाही, पण तोंडही उघडलं नाही. तुझ्या लग्नात तू माझ्याशी हसून बोललीस आणि तिच्यासमोरून सरळ निघून गेलीस. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "साडीचा रंग छान शोभला तिला." मी हो म्हणालो.

आज सकाळी तिला सांगितलं, की बबडीला सगळं खरं लिहितोय. वाटलं, रडेल नाहीतर रागावेल. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी पेटीत टाका, मग सांगा." याआधी दोनदा मी तिला हेच सांगितलंय आणि दोन्ही पत्रं फाडलीत.

मला माफ केलं नाहीस तरी माझी तक्रार नाही. पण तिला एक फोन कर. काही सुचलं नाही तर नुसतं 'मामी' म्हण. फोन वाजला तर मी उचलणार नाही.

तुला उठू न देणारा,
मामा