म्हातारीचा बंपर आणि ह्यांचा गुडघा

१२ जानेवारी, सोमवार
आज म्हातारीला शेडमधून बाहेर काढलं. म्हातारी म्हणजे सासऱ्यांची अँबॅसिडर. ते गेल्यापासून तिच्यावर आधी सोयाबीनची पोती, मग ठिबकचे पाइप, मग मांजरीची बाळंतपणं. ट्रॅक्टरनं ओढली तेव्हा चारही चाकं बसलेली. हे ओट्यावरून काठीनं हुकूम सोडत होते. मग डावा गुडघा धरून उठले आणि गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. डॉक्टर चाला म्हणाले की ह्यांना झोप येते!

"पाडव्याला हिच्यात बसून रानात जायचं," म्हणाले.
"चालवणार कोण?"
"कोण म्हंजी? मी."
बरं.

१५ जाने.
खलील आला. माजलगावच्या बायपासला त्याचं गॅरेज आहे, जुन्या गाड्यांत त्याचा हात धरणारा इकडं कुणी नाही. तासभर नुसता वाकून बघ, बोटानं खरवड, कान लाव. शेवटी म्हणाला, "इंजन जाम न्हाई बापू. रुसलंय." समोरची जाळी गायब, दिव्यांच्या रिंगा गायब, खालचा पत्रा कुजलेला. पण काळजीचं कारण नाही, दिल्लीहून सगळं डुप्लिकेट मिळतं, घरपोच.

ह्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू तो डुप्लिकेट आई आणून देतो म्हणाला.
"ओरिजिनल बसवायचं. न्हाईतर ऱ्हाऊ दे तशीच."
माझं मत कुणी विचारलं नाही. लिहून ठेवते: नवं चकचकीत मिळत असताना गंजकं हुडकत फिरणं हा रिकामा उद्योग आहे.

१९ जाने.
बीडला डॉक्टरांकडं. एक्स-रे काढला. गुडघ्यातली गादी पार झिजली, हाडावर हाड घासतंय, म्हणाले. बदलून घ्या, दोन-तीन महिन्यांत नीट चालाल.
ह्यांनी विचारलं, काय बसवणार? डॉक्टर म्हणाले, धातूचं आणि प्लास्टिकचं.
"म्हंजी डुप्लिकेट."
डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

येताना उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो.  एक्स-रेचं पाकीट मी मांडीवर धरलं होतं, घरी येऊन कपाटात ठेवलं. आत्याबाईंचं, ह्यांच्या आईचं, असंच झालं होतं. आधी काठी, मग भिंत, मग बाज. शेवटची वर्षं त्यांचं सगळं मी बाजेवर केलं. त्याचं काही नाही. पण ह्यांना तसं बघायची मला भीती वाटते. मी बोलले तर भांडण होतं, म्हणून इथं लिहिते.

२ फेब्रु.
खलीलनं ह्यांना न विचारता जाळी मागवली. खोक्यातून निघाली ती आरशासारखी, तोंड दिसावं अशी. लावून बघितली तर भोकं बोटभर इकडं. "कानस मारली की बसंल," खलील म्हणाला. हे म्हणाले, गाडीला कानस मारायची का जाळीला? 

जाताना खलीलच म्हणाला, त्याचा मेहुणा शेळ्यांचा व्यापार करतो. धारूरच्या वर धनगरांच्या एका वस्तीवर त्यानं अस्सल अशीच जाळी बघितली. कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलेली. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्या लग्नात मला बघून इतका झाला नव्हता.

५ फेब्रु.
धारूरला जाऊन आलो. हे, खलील आणि मी. मी कशाला, तर हे पडले तर धरायला. रस्त्यापासून वस्ती उंचावर. दगडांवर बसत बसत चढले. मी पुढं होऊन रागानं बघायचे, मग मागं फिरून हात द्यायचे.

वस्तीवर सखूबाई नावाची म्हातारी. जाळी खरीच खुराड्याला. हे तिच्यापुढं उकिडवे बसायला गेले, बसता येईना, मग वाकूनच बोलले.
"कावून काढता वो तिला? कोंबड्या कुठं घालू मी?"
खलीलनं दिल्लीची जाळी पुढं केली. सखूबाईनं ती उन्हात फिरवून बघितली, सुनेला हाक मारून दाखवली. "लई चकाकतीय. मुंगूस बिचकंल हिला." आणि आमच्याकडं बघून, "गंजकी घिऊन नवी देता? घरी इच्चारलंय का?"
मी म्हणाले, मला कोण विचारतंय. ती हसली, तंबाखू मळत माझ्याशेजारी बसली. आम्हा दोघींचं चांगलं जमलं.

हे खांद्यावरच्या उपरण्यानं जाळीवरची घाण पुसत होते. कोंबड्यांची घाण! घरी ताटाखाली पाण्याचा थेंब चालत नाही. उतरताना गुडघा अडकला, खलीलनं जवळजवळ उचलून खाली आणलं. जाळी मात्र कुणाला दिली नाही, घरापर्यंत मांडीवर.

६ फेब्रु.
गुडघा टम्म. एरंडाचं पान तापवून बांधलं. बांधताना मला जे बोलायचं ते सगळं बोलले. ह्यांनी ऐकून घेतलं. मग,
"जाळी बसली का?"

१६ फेब्रु.
बसली. कानस नाही, हातोडी नाही. खलीलनं नुसती टेकवली आणि चारही बोल्ट आपापल्या जागी गेले. मी बाजूलाच होते. इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच गाडीची जाळी. ज्यानं कुणी ही बनवली त्याचा हात किती खरा असेल. मला मान्य करावं लागलं, पण मोठ्यानं नाही.

दुपारी इंजिन सुरू झालं. खलील कार्बोरेटरवर कान ठेवून डोळे मिटून उभा होता, पेटीवाला सूर लावतो तसा. आधी खोकली, मग धूर, मग तो आवाज. ह्या आवाजात मी आष्टीहून इथं आले, मागच्या सीटवर, मुंडावळ्या डोळ्यांवर आलेल्या, उलटी होईल की काय ह्या धास्तीत. हात भाकरीच्या पिठात तसेच ठेवून बाहेर पळाले. हे रडत होते. मग म्हणाले, धूर गेला डोळ्यांत. धूर दुसऱ्या बाजूला होता.

२४ फेब्रु.
आता बंपरचा प्रश्न. मागचा ठीक आहे. पुढच्याच्या डाव्या कोपऱ्यावर निकलचा मुलामा उडालेला, खड्डेच खड्डे. खलीलला वाटलं अपघात. अपघात कसला? आमच्या गावात सून आली की वेशीत नारळ फोडतात. वेशीतला दगड सडकेखाली गेला आणि गावाला सासऱ्यांच्या गाडीचा बंपर सापडला. कुणाच्याही घरची वरात असो, गाडी आमची आणि नारळ त्याच कोपऱ्यावर. सासरे दर वेळी कळवळायचे आणि दर वेळी गाडी द्यायचे.

संभाजीनगरचा निकलवाला फोनवर म्हणाला, ठोकून, घासून असा देतो की ओळखू येणार नाही. हे खूश. बंपर ओरिजिनल आणि वर चकचकीत. मी म्हणाले, नाही.
"कावून?"
"माझा नारळ आहे त्यात."

दोघंही बघत राहिले. मी पण जरा चकितच झाले. पण आहे खरं. माझ्या वेळचा नारळ पहिल्या फटक्यात फुटला नव्हता, बायका कुजबुजल्या होत्या, अपशकुन म्हणे. सासऱ्यांनी खाली उतरून स्वतः दुसरा फटका असा हाणला की पाणी माझ्या शालूवर. "सून पक्की हाय," म्हणाले. कोणता खड्डा तो, सांगता येणार नाही. म्हणून कुठलाच घासायचा नाही.

"आता कोण ओरिजिनलवाली?" हे दिवसभर चिडवत होते. खलीलनं बंपर नुसता धुतला, तेल लावलं, बसवला.

११ मार्च
रंग झाला. तोच साईच्या रंगाचा पांढरा. संध्याकाळी येणारा-जाणारा थांबतोय. शेजारची काकू बंपरजवळ वाकली, आपला खड्डा शोधत होती. खलील रंगाच्या डब्यावर बसून होता, तिला एकदाही हसला नाही. त्याचं मला लई कौतुक वाटतं.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. हे पांढऱ्या कपड्यांत, टोपी घालून, स्टेअरिंगवर. मी मागं. गाडी सुरू झाली. डाव्या पायानं क्लच दाबला आणि अर्ध्यावर गुडघा आखडला. पाय सुटला, गाडीनं झटका दिला, बंद. परत. परत बंद. मानेवर घाम दिसत होता मला. अंगणात गाव उभं.
"क्लच कडक हाय रे," म्हणाले.
क्लच कडक नव्हता. खलीलनं काल मला बसवून दाबायला लावला होता, मला जमला होता.
खलील म्हणाला, "व्हय बापू, माझंच चुकलं. सैल करतो नंतर. सरका तुमी."

हे सरकले. खलीलनं चालवली. रानापर्यंत गेलो, लोक हात करत होते, म्हातारी सरळ चालत होती, सगळं होतं तसं. हे बाहेर बघत होते. सासरे असतानाही ह्या गाडीत हे स्टेअरिंग सोडून शेजारच्या सीटवर कधी बसले नाहीत. सणाचं गोड मी ताटात तसंच ठेवलं.

२० मार्च, शुक्र.
दुपारी खलील हिशेबाला नाही, उगाच आला. हे गाडीतच बसलेले, दार उघडं टाकून. मला हाक मारली. "ते पाकीट आण गं. बीडचं."
आणून दिलं. 

एक्स-रे काढून समोरच्या काचेवर लावला, उजेडात. खलील शेजारी बसला. दोघं गिअरबॉक्स बघावा तसा बघायला लागले.
"हितं घासतंय," हे म्हणाले.
खलील काचेजवळ वाकला. "बुश संपलंय बापू, मधली गादी. आता तेलपाण्यानं न्हाई भागायचं."
"ओरिजिनल मिळंल का कुठं?"

ह्याच खलीलनं धारूरच्या डोंगरावरची जाळी हुडकली होती. 
"न्हाई बापू. ह्याचं न्हाई मिळत कुठंच."

चहा नेऊन दिला. एक्स-रे अजून काचेला, दोघं अजून आत. डॉक्टर सोमवारी बसतात. मी ह्यांचा बीडला जायचा सदरा इस्त्रीला काढला, मग घडी करून परत ठेवला. मी विचारलं तर नाही म्हणतील. स्वतः म्हणाले की काढते.