सात घरांचं तुझं गाव

प्रिय बाय,

आज दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. इथे अबुधाबीत, मुसाफाच्या चर्चमध्ये फादरनी आपापल्या माणसांची नावं मनात घ्यायला सांगितली आणि मला हुंदकाच फुटला. वसईत आज अख्खी सिमेट्री मेणबत्त्यांनी उजळली असेल, एकही कबर अंधारात नसेल. आणि माझी थोरली बहीण इंग्लंडच्या त्या खेड्यात, काळोखात! म्हणून लिहितेय.

काय गं, पीटर भावोजींशी लग्न करून गेलीस ती तिथलीच झालीस? फोन केला की भावोजींची तब्येत एका वाक्यात आणि गावाचा इतिहास अर्धा तास! एकेकाळी ते स्वतंत्र पॅरिश, म्हणजे धर्मग्राम होतं, स्वतःचा पाद्री, स्वतःची शाळा. मग माणसं कारखान्यांमागे शहरात गेली, शाळा मिटली, पॅरिश शेजारच्या गावाला जोडलं. उरली सात घरं आणि कुलूपबंद चर्च.

"आपल्या आळीचंही हेच होणार, लिना. निम्मी घरं गल्फला गेली," म्हणायचीस. मी चिडायचे. आम्ही काय हौसेनं आलो अबुधाबीला?

तुझा तिथला पहिला नोव्हेंबर आठवतो? ओळख ना पाळख, जुन्या कबरींवर मेणबत्त्या लावत सुटलीस. शेजारची मार्गारेट म्हातारी आग लागली म्हणून बादली घेऊन धावली! "इथे तुझं कोण पुरलंय?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. पण आज कोणाला अंधारात ठेवत नाहीत," तू म्हणालीस.

पुढच्या वर्षी तीच आपल्या आईसाठी मेणबत्ती घेऊन आली. किती हसलो होतो आपण!

आता मार्गारेटही गेली. भावोजी वृद्धाश्रमात आहेत, त्यांना तुझं नावसुद्धा आठवत नाही. तुझ्या कबरीवर जाणारं कोणी उरलं नाही गं. इथे का आली नाहीस माझ्याजवळ? माझा रायन म्हणतो, "ममा, शी वोन्ट नो." तिला नसेल कळत, मला कळतंय ना!

मला वर्षातून एकदाच सुट्टी. पुढच्या वर्षीची नोव्हेंबरात मागितली. मॅनेजर म्हणाला, "इन्शाल्ला." म्हणजे देव जाणे! पण मी पिच्छा सोडणार नाही.

मग आईला फोन केला. म्हटलं, पुढच्या वर्षी वसईला येणं जमणार नाही, बायकडे जाते. नव्वदीला टेकलेली ती. वाटलं, रडेल.

ती म्हणाली, "जा. मी थांबते."

येते मी, बाय. नक्की येते.

तुझी,
लिना