सीडीतलं आईचं बोलणं

आष्टी, बुधवार, २१ नोव्हेंबर २००७

दादानं दिलेल्या लिनक्सच्या लॅपटॉपला तीन दिवस आवाजच न्हवता. आईचं बोलणं भरून त्यानं पाठवलेली सीडी नुसती फिरायची. आज सेटिंगमधे म्यूटची खूण दिसली. एवढीशी खूण! ती काढली, आवाज पार वर चढवला. हेडफोन लावला होता, बराबर लावला होता. तरी आई स्पीकरमधूनच बोलली, "बाई, तिथं करमत नसंल तर निघून ये."

सासूबाई शेजारीच गवार निवडत होत्या. मी घाबरून झाकण लावलं.

"बंद का केलं? ऐकू दे की, विहीणबाई पुढं काय म्हणत्यात."

"आवाज परत गेला," मी म्हणाले.

"मंग कर नीट. मी बसते."

दिवेलागणीपर्यंत त्या हलल्या न्हाईत. आई पुढं काय म्हणाली, मला अजून माहीत न्हाई.