करंज्यांखालची पत्रिका

करी रोड, मुंबई
नाताळानंतरचा सोमवार

प्रिय शरच्चंद्र,

ख्रिस्तात सलाम. पाकिटावर 'रेव्हरंड' घातलं आहे, ते पोस्टमनसाठी. आत मात्र तू माझा धाकटा भाऊ आहेस आणि हे पत्र त्याच दर्जाने वाचावंस. तुझा गुडघा कसा आहे? सौ.चा खोकला गेला का? मिरजेत थंडी चांगली असेल. आमच्याकडे थंडी पडल्याचं हिंदमाताच्या दुकानांत शाली टांगल्या की कळतं, अंगाला कळत नाही. माझी प्रकृती उत्तम होती. 'होती' का लिहिलं ते पुढे वाच, आणि मग प्रार्थनेला बसशील तेव्हा स्वतःसाठी चार मिनिटं जास्त ठेव.

मिशन रविवारी तू आमच्या चर्चच्या मंडळीत पाहुणा वक्ता म्हणून आलास आणि पाऊण तास उपदेश केलास. 'दूरच्या पाड्यांवर सुवार्तिक पाठवता, त्यांच्यासाठी दानार्पण देता, पण तुमच्या स्वतःच्या मजल्यावर कोण जाणार?' असं विचारून टेबलावर मूठ आपटलीस. (पाण्याचा ग्लास माझ्या साडीवर कलंडला. भाऊ बोलणार म्हणून मी पहिल्या बाकावर बसले होते, ही माझी चूक.) प्रश्न चांगला होता. गोची एवढीच झाली की मिशन कमिटीच्या दीपिकाने तो मनावर घेतला. दीपिकाला तू पाहिलंस, तिशीची, गोड, आणि तिचा उत्साह असा की समोरच्याला धाप लागावी. तिने ठरवलं, प्रत्येकाने आपल्या इमारतीत नाताळच्या फराळाची ताटं वाटायची आणि करंज्यांच्या खाली सुवार्तेची छापील पत्रिका ठेवायची. ताट कोणी नाकारत नाही, असा तिचा हिशेब. मूळ कल्पना तुझीच, जेवताना तू बोललास, असं ती सांगते. नाकारू नकोस. लहानपणी तुला गुळाच्या खड्यात लपवून औषध द्यावं लागायचं, त्याचा सूड तू आता मुंबईवर उगवतो आहेस.

मी कमिटीत विचारलं, सुवार्ता म्हणजे चांगली बातमी ना, मग ती लपवायची कशाला? त्यावर दीपिका म्हणाली, "आंटी, प्लीज, निगेटिव्ह नको ना." मग सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं की या कामाला माझ्याइतकं योग्य कोणी नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पवित्र शास्त्राच्या परीक्षेत नन्सच्या हातून बक्षिसं घेतलेली, वर उभा जन्म टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लोकांचे निरोप जोडून दिलेली. (निरोप जोडून देणं आणि निरोप देणं यात फरक असतो, हे तेव्हा मलाही सुचलं नाही.)

आता त्या पत्रिकेविषयी. करंज्या मी स्वतः केल्या, चांगल्या झाल्या. पत्रिका कमिटीने केली. वर ढगांत जाणारा जिना, आणि खाली ठळक अक्षरांत: 'मृत्यूनंतर आपण कोठे जाणार? आजच तयारी करा, उद्या उशीर होईल.' शरच्चंद्र, नाताळ हा जन्माचा सण आहे. बाळंतविड्याबरोबर तिरडीचा बांबू धाडावा, तसला हा प्रकार.

तरीही मी वाटली. आपल्या जुन्या चाळीतली माणसं आता टॉवरच्या मागच्या विंगेत आहेत, पुढच्या विंगेत नवीन, विकत घेऊन आलेली. दोन्हीकडे दिली. पण तू आणि दीपिका दोघेही एक गोष्ट विसरलात, ती म्हणजे आपल्याकडे ताट रिकामं परत येत नाही. सोळाव्या मजल्यावरच्या जगदीशने ताट परत केलं त्यात शक्तिवर्धक पावडरीची पाकिटं आणि त्याच्या 'संधी मेळाव्या'चं आमंत्रण. म्हणाला, "मावशी, मी तुमचं वाचलं, आता तुम्ही माझं ऐका." काय बोलणार? गेले. तिथे टाय लावलेला एक माणूस 'प्रत्येकाने तिघांना सांगा, ते आणखी तिघांना सांगतील' असं सांगत होता. शेवटी टेबलावर मूठसुद्धा आपटली त्याने. मला तुझी फार आठवण झाली. पुढच्या विंगेतल्या देविकाने ताटात बदाम घातले आणि श्वासाच्या शिबिराचा कागद. तिथेही गेले. राग सोडा म्हणाले. मी श्वास सोडला, राग तुझ्यासाठी शिल्लक ठेवला.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग दुर्गाचं ताट आलं.

दुर्गा तुला माहीत आहे. चाळीत भिंतीला भिंत, टॉवरमध्ये दाराला दार. तिचे यजमान गिरणीत होते तेव्हापासूनची शेजारीण. तिचा गणपती येतो तेव्हा माझ्याकडे मोदक येतात, माझा नाताळ येतो तेव्हा तिच्याकडे करंज्या जातात, आणि माझं ताट तिने आजवर कधी घावन, खापरोळी, निदान साखरेची चिमूट घातल्याशिवाय परत केलेलं नाही. यंदा ते घासून, पुसून, रिकामं आलं. तिचा सुशांत दारातच देऊन गेला. बोलला नाही, आत आला नाही.

मी दिवसभर धुसफुसले. मला वाटलं, पत्रिकेचा राग आला. म्हणजे तू आणि तुझ्या कमिटीने माझं आयुष्यभराचं शेजारपण एका करंजीखाली पुरलंत. संध्याकाळी राहवेना, गेले. बघते तर दुर्गा पलंगावर, भोवती तिच्या सगळ्या साड्यांच्या घड्या, आणि सून रडवेली होऊन कुठली साडी कोणाला ते ऐकतेय. मला पाहून दुर्गा म्हणाली, "इलंस? बस. आता खरां सांग गो, किती दिवस आसत माझे?"

मला काही उमगेना. मग उमगलं आणि मी त्या घड्यांवरच बसले. तिच्या हृदयाची नळी तुंबली आहे, येत्या गुरुवारी परळच्या इस्पितळात फुगा घालून मोकळी करायची आहे. तिचे सगळे रिपोर्ट इंग्रजीत, आणि ते वाचून दाखवते कोण? मी. गेल्याच आठवड्यात मी तिला सांगितलं होतं, काळजीचं कारण नाही. आणि त्यानंतर माझ्याच हातच्या ताटातून निघतं काय, तर 'आजच तयारी करा, उद्या उशीर होईल.' तिने साधा हिशेब मांडला: रिपोर्टात लिहिलेलं सुनंदाला तोंडाने बोलवेना, म्हणून तिने छापून पाठवलं. दोन दिवस ती बाई मरणाची तयारी करत होती, शरच्चंद्र. तुझ्या सेवाकार्याच्या इतिहासात इतकी परिणामकारक पत्रिका झाली नसेल.

मी पुन्हा सगळे रिपोर्ट काढले, ओळ न ओळ मराठीत सांगितली, बायबलवर हात ठेवायची तयारी दाखवली. (ती म्हणाली, त्याच पुस्तकामुळे तर झालं सगळं.) शेवटी तिला पटलं. आधी ती हसली, मग रडली, मग सुनेला साड्या कपाटात ठेवायला सांगितल्या, आणि मग माझ्याकडे वळली. तुला ठाऊकच आहे, मालवणी माणूस एकदा सुटला की सुटला. म्हणाली, "काय ती तुझी चांगली बातमी, मरणाची सोडून दुसरी काय असली तर सांग." मी तोंड उघडलं. 'तारण', 'पापक्षालन', 'कृपा' असे एकेक शब्द बाहेर पडले आणि सुनेच्या चेहऱ्याकडे बघून परत आत गेले. त्यावर दुर्गाने विचारलं ते जसंच्या तसं लिहिते: "एवढी चांगली बातमी होती तर इतकी वर्षां खंय लपवून ठेवलंस? लिफ्ट बंद पडली तर सकाळी दार ठोकून सांगतंस."

याचं उत्तर तुझ्या पाऊण तासात नव्हतं. आपल्या आजोबांकडे सुवार्तिक आला तो पटकीच्या साथीत, त्यांना पेज भरवायला आला, आणि ते बरे होऊन स्वतः विचारीपर्यंत धर्माविषयी एक शब्द बोलला नाही, हे तूच सांगतोस ना व्यासपीठावरून? त्याच्याकडे ढगांतला जिना नव्हता. बुधवारी संध्याकाळी दुर्गा इस्पितळात भरती होणार. तिने मला बजावलंय: "येऊन सांग. कागद आणू नको. आणि माका कळतलां असां सांग." ती घाबरली आहे, दाखवत नाही इतकंच. मीही घाबरले आहे, मी तुला लिहून दाखवते आहे.

सौ.ला आशीर्वाद. गुडघ्याला शेक दे.

तुझी ताई,
सुनंदा

ता. क. १: पत्राचा खरा हेतू हा. मंडळीतले शब्द एकही न वापरता, एका पानात, दुर्गाला कळेल अशी ती बातमी कशी सांगायची ते उलट टपाली कळव. टपाल बुधवारपर्यंत पोचणार नाही, तर फोन कर. फोनवर उपदेश करू नकोस. आणि प्रार्थना कर, पण घरी, दार लावून. मंडळीत तिचं नाव घेतलंस आणि कोणी मिशनच्या हिशेबात 'एक आत्मा' म्हणून तिला मोजलं, तर मी मिरजेला येईन.

ता. क. २: पोस्टाची तिकिटं संपली म्हणून पत्र टेबलावरच राहिलं. (आणि फोनही मी केला नाही, तू काही विचारशील म्हणून.) बुधवारी गेले. घाबरून मी प्रार्थनेला सुरुवात केली ती नन्सनी शिकवलेल्या इंग्रजीत. दुर्गा म्हणाली, "इंग्लिश नको, ह्यो काय माझो रिपोर्ट नाय." मग मी सुचेल ते सांगितलं. ख्रिस्तही एकदा घाबरला होता, मरणाच्या आदल्या रात्री, उद्या काय होणार ते त्याला दिसत होतं, आणि त्याने मित्रांना एवढंच म्हटलं की माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. तरी तो मरणाला सामोरा गेला, त्यांच्यासाठीच गेला. एवढंच. दुर्गाने पांघरूण वर ओढलं. मग म्हणाली, "उद्या तू झोपू नको हां." गुरुवारी मी बाहेरच्या खुर्चीवर टक्क जागी बसले. शेजारी सुशांत घोरत होता.

ता. क. ३: नळी नीट मोकळी झाली. दुर्गा काल घरी आली. आज ताट आलं. (माझं ताट आधीच रिकामं परत आलं होतं, म्हणून तिने ते माझ्याकडून पुन्हा मागवून घेऊन, भरून पाठवलं.) घावन सुनेच्या हातचे, जाड झालेत, पण ते तिला कळवू नकोस. ताटाबरोबर निरोप, की त्या झोपलेल्या मित्रांचं पुढे काय झालं ते सांगायला ये. गेले. सांगितलं, तो मरणातून उठल्यावर त्यांच्यावर रागावला नाही. तीच माणसं निवडली आणि बातमी सांगायला जगभर पाठवली. तुझ्या मिशनचा सगळा पाया तिथेच आहे, असं मी जरा अभिमानाने म्हटलं. दुर्गाने चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "त्या झोपाळूंकाच धाडल्यान? मगे तुका धाडल्यान ह्यात नवल ता काय!"